हिरव्या उजेडाचा जनक

आधी तोंडातला चहा गिळा, मग सुरू करतो. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जोशीकाका ऐन घोटात हसले आणि अर्धा कप माझ्या शर्टावर आला. तो डाग अजून आहे.

तर, मी एक शोध लावलेला. खराखुरा, विज्ञानातला! डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगच्या गेटवर त्याचा फ्लेक्स लागलेला, माझ्या फोटोसकट. दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या मावशीने फोन करून विचारलेलं, "हेमू, आता आमच्याकडे पाणी का येत नाही त्याचाही शोध लाव रे." इतकं नाव झालं होतं.

आता तुम्ही विचाराल, शोध कसला? त्यासाठी थोडं विज्ञान सहन करा. फार नाही, भजी येईपर्यंत.

मी ठाण्याच्या एका कॉलेजात पीएचडी करतो. विषय कार्बन. कार्बन म्हणजे साधा कोळसा हो. पण त्याचे इतके, इतके बारीक कण केले, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाहीत, तर एक गंमत होते. दुकानदार नोटा तपासायला जांभळा टॉर्च वापरतात ना, तो त्या कणांवर मारला की ते स्वतः उजेड द्यायला लागतात. कोळसा, आणि चमकतो! आहे की नाही कमाल?

आणि करायचे कसे? लिंबाचा रस घ्यायचा, त्यात युरिया घालायचा आणि एका जाड स्टीलच्या डब्यात बंद करून भट्टीत ठेवायचा. थोडक्यात प्रेशर कुकर, फक्त शिट्टी नाही. मग जो काळपट काढा तयार होतो, तो पातळ करायचा आणि नरसाळ्यात कागद ठेवून गाळायचा. झालं. गाळलेल्यावर टॉर्च मारला की सुंदर निळा उजेड.

निळा! तिथेच माझं घोडं अडलेलं. निळा जगात सगळ्यांना येतो. माझं काम होतं त्याचा रंग बदलायचं. निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा, जमल्यास लाल. रेडिओचं बटण फिरवावं तसा उजेडाचा रंग फिरवायचा, असं मी प्रवेशाच्या मुलाखतीत ऐटीत सांगून बसलेलो.

मग मी काय काय नाही केलं? युरिया वाढवला, निळा. भट्टी तापवली, निळा. कमी शिजवलं, निळा. जास्त शिजवलं, जळका वास आणि निळा! लिंबं बदलली. कल्याणच्या मार्केटमधून गोणीभर लिंबं आणली, त्यातली अर्धी आईने लोणच्याला लावली. लोणचं तेवढं उत्तम झालं.

आमच्या गाइड पाटणकर मॅडम. स्वभावाने चांगल्या, पण बोलणं म्हणजे सुरी. एक दिवस मला केबिनमध्ये बोलावून म्हणाल्या, "हेमंत, दिवाळीनंतर कमिटी येतेय. बाहेरून कुलथे सर येणार आहेत. दुसरा रंग दाखवलास तर मुदत वाढवून मिळेल. नाही दाखवलास तर रजिस्ट्रेशन बंद."

"बंद म्हणजे, मॅडम?"

"बंद म्हणजे घरी बसून लोणचं घालायचं."

माझी पाचावर धारण बसली. इतकी वर्षं घरात 'हेमू पीएचडी करतोय' या एका वाक्यावर मी जगत होतो. त्या वाक्यामुळे मला कोणी नोकरीचं विचारत नव्हतं, लग्नाचं विचारत नव्हतं, गॅसचा सिलिंडरसुद्धा उचलायला सांगत नव्हतं. ते वाक्य गेलं तर माझ्याकडे उरलं काय?

अशात दसरा आला.

आता आपल्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. सुताराचा रंधा, रिक्षावाल्याची रिक्षा, तशी आमच्या लॅबमध्ये यंत्रांची. मॅडम म्हणायच्या, "वर्षातून एक दिवस पूजा, बाकीचे दिवस विज्ञान." आणि पूजा करायचा मान माझा, कारण आईने हळदीकुंकवाचा पितळी करंडा खास लॅबसाठी दिलेला. झेंडूच्या माळा माझी लॅबमधली सहकारी जेसिका आणायची. माजिवड्याची, पक्की ख्रिश्चन, पण माळा अशा बांधते की दादरच्या फुलवाल्याने शिकावं.

भट्टीला हळदकुंकू लावलं. तराजूला लावलं. कपाटाला, फ्रिजला, संगणकाला लावलं. काचेच्या भांड्यांपाशी आलो तर मॅडम ओरडल्या, "काचेला बाहेरून बोटं लावायची नाहीत हं! डाग पडतात, मग आकडे चुकतात."

माझ्यासमोर स्टँडवर माझं गाळायचं नरसाळं होतं, तोंड वर करून बसलेलं. इतकं राबलेलं बिचारं, त्याला कसं वगळणार? बाहेरून नको म्हणाल्या, मग मी आतून लावलं. चांगलं ठसठशीत, ओल्या हळदीचं बोट. कुंकू तोवर संपलेलं.

आणि काय झालं माहितीये? दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी मी काढा पाण्याऐवजी स्पिरिटमध्ये पातळ करून पाहिला. नरसाळ्यात कागद ठेवला, गाळला, पडदा ओढला, टॉर्च मारला.

हिरवा!

अहो, हिरवा म्हणजे काय, पोपटाच्या पंखासारखा! मी ओरडलो. जेसिका धावत आली.

"काय रे, भाजलं?"

"हिरवा! जेसिका, हिरवा!"

तिने बघितलं, डोळे चोळले, परत बघितलं. "शप्पथ!" म्हणाली. मग मॅडम आल्या. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि चक्क माझ्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांत पहिली.

कारणही तयार होतं. द्रव बदलला की या कणांच्या उजेडाचा रंग बदलू शकतो, हे पुस्तकात लिहिलेलंच आहे. मी मिसळून पाहिलं. नुसत्या पाण्यात निळा, अर्ध्या स्पिरिटमध्ये निळसर हिरवा, पूर्ण स्पिरिटमध्ये हिरवागार. बटण फिरलं हो! मला हवं तसं फिरलं!

घरी आईला सांगितलं. आईने देवापुढे साखर ठेवली आणि फोन हातात घेतला. तिथून पुढे माझ्या हातात काही राहिलं नाही. जोशीकाकांनी मीटिंग घेतली आणि आठवड्यात गेटवर फ्लेक्स. कडक हिरवी पार्श्वभूमी, मध्ये हात जोडलेला मी आणि वर मोठ्या अक्षरात: 'हिरव्या उजेडाचे जनक चि. हेमंत यांचे हार्दिक अभिनंदन!' बाजूला माजी नगरसेवकांचा फोटो माझ्या दुप्पट. त्यांचा या शोधाशी संबंध काय, असं मी विचारलं, तर जोशीकाका म्हणाले, "फ्लेक्सला बांबू त्यांचे आहेत."

इथपर्यंत सगळं झकास. आणि मग उजेड उतरायला लागला.

रोज थोडा थोडा फिका. हिरवा, मग पोपटी, मग निळसर, आणि एक दिवस पुन्हा तोच मेला निळा! स्पिरिट तेच, लिंबं तीच, भट्टी तीच. मी वेडा व्हायचा बाकी राहिलो. जेसिकाला करून बघायला सांगितलं. तिने स्वतःच्या प्लॅस्टिकच्या नरसाळ्यातून गाळलं, तिलाही निळा. मॅडम म्हणाल्या, "नीट आठव. हिरवा आला तेव्हा वेगळं काय केलेलंस?"

मी आठवलं. वेगळं काय केलेलं? काहीच नाही. दसरा होता. पूजा केली होती.

तुम्ही हसताय. तुमच्या केव्हाच लक्षात आलंय. तुम्ही हुशार आहात हो, मी पीएचडी करत होतो!

माझ्या डोक्यात काय आलं सांगू? देवीचा कोप. दसऱ्याला पूजा केली, देवी पावली. नंतर मी साधा नमस्कारही केला नाही, म्हणून तिने दिलेला रंग परत घेतला. मी चार्जर विसरतो, छत्री विसरतो, तसा देवीला विसरलो. स्वतःची लाज वाटली मला.

शुक्रवारी सगळे जेवायला गेल्यावर मी करंडा काढला. ज्याचं देणं जास्त, त्याची पूजा आधी, म्हणून नरसाळ्यालाच हळद लावली. बाहेरून नाही हं, मॅडमची शिस्त मी मोडत नाही. आतून. हात जोडले, गाळलं, टॉर्च मारला.

हिरवा!

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत, टचकन आलं.

त्यानंतर मी दर शुक्रवारी गुपचूप पूजा सुरू केली. रंग फिका पडला की मधल्या वारीसुद्धा. मॅडमना सांगायची सोय नव्हती, लॅबमधून करंड्यासकट बाहेर काढलं असतं. पण जेसिकाने मला एकदा पकडलंच.

"काय चाललंय रे?"

"श्रद्धा."

"नरसाळ्यावर?"

"जेसिका, हसू नको. हे केलं की हिरवा येतो, नाही केलं की निळा. मी परत परत पाहिलंय."

ती गंभीर झाली. म्हणाली, "तसं असेल तर मी पण बुधवारी चर्चमध्ये तुझ्यासाठी मेणबत्ती लावते रे. कोणाच्यातरी वशिल्याने होऊ दे." किती चांगली मुलगी! मी म्हटलं लाव. त्या बुधवारी मी पूजा केली नाही, तिने मेणबत्ती लावली, आणि आला निळा. ती जरा खट्टू झाली. मी तिची समजूत काढली, की तुमच्याकडचा देव मोठा आहे, असल्या बारीक कणांत लक्ष घालत नसेल.

बरं, यातही मी वैज्ञानिक होतोच. माझ्या लक्षात आलं की नुसतं उरकल्यासारखं एक बोट लावलं तर पोपटी येतो. मनापासून, डोळे मिटून, आरती म्हणत चांगली तीन-चार बोटं लावली तर गडद हिरवा. म्हणजे भक्ती वाढली की उजेड वाढतो! मी आलेख काढायलाही बसलेलो. पण आडव्या रेघेवर काय लिहू? भक्ती? आणि ती मोजायची कशात, चमच्यात? तिथे मी थांबलो. एवढी एक गोष्ट बरी केली.

कमिटीचा दिवस उजाडला. मी सकाळी लवकर गेलो, साग्रसंगीत पूजा केली, हात धुतले आणि पाहुण्यांना आणायला गेटवर गेलो. कुलथे सर म्हणजे बारीक चणीचे, शांत गृहस्थ. इतके शांत, की त्यांनी "नमस्कार" म्हटलं तरी घाम फुटावा. बरोबर कमिटीचे आणखी दोन प्राध्यापक, एक फोटोग्राफर आणि आमचे प्राचार्य. प्राचार्य खादीचं जाकीट घालून, कारण फोटो निघणार होते.

सर म्हणाले, "आकडे मी वाचलेत. मला गाळून दाखवा."

काढा तयारच होता. स्पिरिट घातलं, नरसाळ्यात कागद ठेवला, गाळलं. जेसिकाने पडदा ओढला. मी म्हटलं, "सर, आता बघा," आणि टॉर्च मारला.

निळा.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी नरसाळ्याकडे बघत होतो. कागद उचलून पाहिला. आत लख्ख! हळदीचा कण नाही.

"जेसिका," मी कुजबुजलो, "नरसाळं कोणी धुतलं?"

"मी रे!" ती कौतुकाने म्हणाली, तेही मोठ्याने. "पाहुणे येणार म्हणून सगळं घासलं. किती पिवळं झालेलं आतून, शी! साबणाने जाईना, मग स्पिरिटने घासलं."

पिवळं, स्पिरिट. हे शब्द माझ्या कानावर पडले. कानावरच पडले, पुढे गेले नाहीत.

माझ्यासमोर घरी बसणं दिसत होतं, तो सिलिंडर दिसत होता, तो फ्लेक्स दिसत होता. मी सरांना म्हटलं, "सर, दोन मिनिटं. एक टप्पा राहिला."

"कुठला टप्पा?"

आणि मी कपाटामागून करंडा काढला.

कमिटीसमोर, हो! लपवायला वेळ कुठे होता? तीन प्राध्यापक, एक प्राचार्य, एक फोटोग्राफर यांच्यासमोर मी चपला काढल्या, नरसाळ्याला आतून चार बोटं हळद फासली, डोळे मिटले आणि मनातल्या मनात आरती म्हणायला लागलो. प्राचार्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनीही हात जोडले. फोटोग्राफरने फोटो काढला.

मग कागद ठेवून परत गाळलं. टॉर्च.

हिरवा! असा हिरवा, की सरांच्या चष्म्यात दिसला. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनी.

कुलथे सर खुर्चीवरून उठले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "काढा बाजूला ठेवा. आता नुसतं स्पिरिट ओता."

"नुसतं, सर?"

"नुसतं. काढा नको, कार्बन नको. कधी ओतून पाहिलं होतं का?"

नव्हतं पाहिलं. बारावीच्या पोरालाही माहीत असतं, आपला पदार्थ न घालता आधी प्रयोग करून बघायचा. मी नुसतं स्पिरिट ओतलं. खाली पिवळं पाणी जमलं. त्यांनी माझ्या हातातून टॉर्च घेतला आणि स्वतः मारला.

हिरवा. मघापेक्षाही हिरवा!

"हळद," सर म्हणाले. "स्पिरिटमध्ये विरघळते, टॉर्चखाली हिरवी दिसते. पाण्यात फारशी विरघळत नाही, म्हणून पाण्यात तुमचा निळा तसाच राहतो. तुमचे सगळे आकडे बरोबर आहेत. फक्त ते हळदीचे आहेत."

जमीन दुभंगावी म्हणतात ना, मी खरंच खाली बघितलं. फरशी पक्की होती.

इतकी वर्षं मी एकच रंग बदलायला धडपडत होतो. त्या क्षणी पाटणकर मॅडमच्या चेहऱ्याचे तीन बदलले, आधी पांढरा, मग लाल, मग एक असा, की ज्याला नाव नाही.

एक कमिटी मेंबर कडक आवाजात म्हणाले, "ही सरळ सरळ फसवणूक आहे. रजिस्ट्रेशन रद्द करा."

जेसिका मध्ये पडली, "नाही सर, तो फसवत नव्हता! तो खरंच पूजा करायचा! मी पण मेणबत्ती लावलेली!" झालं, तीही अडकली.

तेव्हा कुलथे सरांनी हात वर केला. म्हणाले, "फसवणूक नाही ही. फसवणाऱ्याला अक्कल असते. तो आपल्यासमोर चपला काढून हळद घालणार नाही. हा मुलगा शंभर टक्के निर्दोष आहे, आणि त्याचं कारण अहवालात लिहिताना मला लाज वाटेल."

अशी माझी मुदत वाढली! मूर्ख ठरलो म्हणून वाचलो. अहवालात 'उमेदवार अत्यंत भाबडा आहे' असं वाक्य आहे, मॅडमनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. करंडा घरी परत आला, आणि लॅबच्या दारावर पाटी लागली: 'पूजा फक्त दसऱ्याला. फक्त बाहेरून.'

जाताना सर मला म्हणाले होते, "हळदीचं एवढं प्रेम आहे ना? मग ती नरसाळ्याला कशाला लावता? डब्यात घाला, चांगली शिजवा, तिचाच कार्बन करा. नशीब असेल तर खरा हिरवा येईल."

मी लगेच कामाला लागलो. आईकडून घरची हळद घेतली, स्टीलच्या डब्यात घातली, झाकण आवळलं, भट्टीत ठेवली. जेसिका शेजारी बोटं क्रॉस करून उभी. मॅडमही मुद्दाम थांबल्या. मी नवं नरसाळं घेतलं, आधी नुसतं स्पिरिट गाळून पाहिलं, शिकलोय आता. मग काढा गाळला, पडदा ओढला, टॉर्च मारला.

निळा!

अहो, ज्या हळदीने मला दोन महिने फुकटात हिरवा दिला, ती माझ्या हातून शिजली आणि निळी झाली! मॅडम पर्स उचलून घरी गेल्या.

राहता राहिला फ्लेक्स. तो काढा म्हणून मी आईच्या पाया पडलो. आई म्हणाली, "काढला तर लोक विचारतील काय झालं म्हणून. राहू दे, उन्हापावसात आपोआप जाईल." जोशीकाका म्हणाले, "बांबू परत द्यावे लागतील." म्हणून तो राहिला, भर उन्हात, उन्हाळाभर.

मे महिन्यात एक दिवस मी भाजी घेऊन येत होतो, तर आई गेटपाशी उभी. पदर डोक्यावर, मान वर करून फ्लेक्सकडे बघत होती. मीही बघितलं.

फ्लेक्सच्या रंगाचं असं असतं, उन्हात पिवळा आणि लाल आधी उडून जातो. मग खाली उरतं काय? ती कडक हिरवी पार्श्वभूमी आता निळी झालेली. माजी नगरसेवक निळे. 'हिरव्या उजेडाचे जनक' ही अक्षरं निळी. आणि मध्ये हात जोडून मी, नखशिखांत निळा!

आई पिशवी माझ्या हातातून घेत म्हणाली, "चल घरात. एवढी वर्षं तुला जमलं नाही, पण फ्लेक्सला शेवटी तुझा खरा रंग सापडला. आणि हो, वर येताना तो सिलिंडर घेऊन ये."